शिवणीत माया ठेवा: स्लिम फिट कापणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
पुरुषांचे स्लिम फिट आणि 'डिझायनर' म्हणवले जाणारे कपडे आखणारे सर्व डिझायनर, पॅटर्न मास्टर आणि मर्चंडायझर

स.न.वि.वि.

ठाण्यात नौपाड्याला, राम मारुती रोडच्या एका गल्लीत माझं आल्टरेशनचं दुकान आहे. नवे कपडे मी आता फारसे शिवत नाही. तुमच्याकडून घेतलेले कपडे लोक माझ्याकडे आणतात आणि मी ते त्यांच्या अंगाला बसवून देतो. मॉलची पिशवी अजून हातात असते, टॅग अजून लटकत असतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "मास्टर, बाकी सगळं झकास आहे, फक्त इथे जरा..." त्या 'जरा'वर माझं घर चालतं. म्हणजे तुमच्या चुका हे माझं उत्पन्न आहे. हे आधीच सांगून टाकतो, उगाच मागून कुणी काढायला नको.

तरीही लिहितोय, कारण कपडा उसवल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. ट्रायल रूमच्या आरशात बाहेरची बाजू दिसते. आतली बाजू माझ्या टेबलावर येते आणि ती पाहून मी रोज कुणावर तरी चडफडतो. ज्याच्यावर चडफडतो तो समोर नसतो. समोर असतं बिचारं गिऱ्हाईक. म्हणून हे पत्र.

मायेपासून सुरुवात करतो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ती माया. पूर्वी पँटच्या मागच्या शिवणीत, कमरेपाशी, दोन्ही अंगांना दीड-दीड इंच माया असायची. लग्नात शिवलेली पँट माणूस मुलाच्या मुंजीपर्यंत शिवण सैल सोडून सोडून वापरायचा. तुमची स्लिम चिनो उसवली की आत काठ सुटू नये म्हणून मारलेला ओव्हरलॉकचा दोरा आणि त्याला लागून जेमतेम सेंटिमीटरभर कापड. आत घ्यायची असेल तर घेता येते, तीही एका मर्यादेपर्यंत; फार घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि माणूस पाठमोरा चमत्कारिक दिसतो. सोडायची म्हटलं की मात्र विषयच संपला. शर्टाची गत आणखी वाईट. कडेची शिवण तुम्ही फीड-ऑफ-द-आर्म मशीनवर दुमडून दोन ओळींत बंद करता. दिसायला सुबक, टिकायला दणकट, कबूल. पण ती उसवली की कापडावर सुयांच्या भोकांच्या दोन रांगा उमटलेल्या असतात. आत थोडं कापड असलं तरी ते बाहेर काढण्याच्या लायकीचं उरत नाही.

हे असं का होतं तेही मला ठाऊक आहे. कॉम्प्युटरवर मार्कर, म्हणजे कापडावर कापायच्या तुकड्यांची मांडणी, लावताना तुकडे एकमेकांना जितके खेटून बसतील तितकं कापड वाचतं, आणि एका नगामागे वाचलेले दोन बोटं कापड हजारो नगांत थान होऊन उभं राहतं. धंद्याचा हिशेब बरोबर आहे. फक्त तुम्ही तो चुकीच्या कपड्याला लावलात. सैल शर्टात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. स्लिम शर्टात तोच अर्धा इंच पोटावरच्या बटणाला ओढ देतो आणि आतला बनियन रस्त्याला दाखवतो. म्हणजे कपडा जितका अंगाबरोबर, तितकी त्याच्यात माया जास्त हवी. माझ्या टेबलावर येतं ते नेमकं उलट: बंडीसारख्या ढगळ कुर्त्यात बोटभर माया आणि साडेचार हजारांच्या स्लिम शर्टात नावालाही नाही. या पत्रातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

आता आकडे. ठाण्यातला एक साधारण माणूस घ्या. गळा 40 सेंटिमीटर, छाती 40 इंच. फॉर्मल शर्टावर तुम्ही 40 लिहिता ते कॉलरचे सेंटिमीटर असतात. म्हणूनच तिथे 38 नंतर 39 येतो. ब्लेझरवर 40 लिहिता ते छातीचे इंच. ब्लेझर इटालियन मापाचा असेल तर याच माणसाला 50 नंबर लागतो, कारण तिथे छातीचे सेंटिमीटर निम्मे करून लिहितात. टी-शर्टाला एम किंवा एल. पँटला 34, म्हणजे कमरेचे इंच. आणि ती 34 टेप लावून मोजली तर कितीदा तरी 36 भरते, कारण गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं ही तुमची इच्छा. मग हाच माणूस दुसऱ्या ब्रँडची स्लिम पँट घेतो, तिथली 34 खरोखरच 34 असते, आणि ती मांडीवरच अडकते. माझ्याकडे येऊन विचारतो, "मास्टर, माझी कंबर वाढली का हो?" कंबर आहे तिथेच आहे, फक्त दुकान बदललंय, हे समजावण्यात माझी पाच मिनिटं जातात.

कायद्याने काही सांगितलं नाही असंही नाही. वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापांच्या, नियमांत 2022 साली दुरुस्ती झाली. सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांना टॅगवरच्या बऱ्याच मजकुरातून मोकळीक मिळाली, पण माप एस, एम, एल सोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये द्यायचं, हे कायम राहिलं. तुम्ही ते देताही. 'छाती 102 सेमी' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण कुणाची छाती? घालणाऱ्याची की शर्टाची? स्लिम शर्टात लूजिंग, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्तीची सैल जागा, तीन-चार इंच ठेवतात, रेग्युलरमध्ये सहा किंवा त्याहून जास्त. तेव्हा 102 हे अंगाचं माप असेल तर शर्ट 110-112 भरायला हवा, आणि शर्टाचंच माप असेल तर 102 छातीच्या माणसाला तो घालताच येणार नाही. टॅग वाचून यातलं काय खरं ते माझ्यासारख्या शिंप्यालाही कळत नाही. मला टेप लावावी लागते. गिऱ्हाइकाने काय करायचं? त्यात ऑनलाइन मागवणारा तर मोबाइलवरच्या मॉडेलकडे बघून अंदाज बांधतो.

आता मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही अंगाला जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईबद्दल, जरा सविस्तर बोलू द्या, कारण सगळ्यात जास्त शर्ट तिथे फसतात आणि गिऱ्हाइकाला ते कळतसुद्धा नाही.

माझ्या दुकानात आरशाच्या वर एक कडी टांगलेली आहे, लोकलमधल्या हँडलच्या उंचीवर. शर्ट घालून बघणाऱ्याला मी म्हणतो, हात खाली सोडून उभे राहू नका, कडी धरा. धरली की मुखवटा उतरतो. शर्टाची एक बाजू सरसर वर चढते, खोचलेला पदर कमरेतून बाहेर येतो, मनगटावरचा कफ चार बोटं मागे सरकतो, आणि पाठीवर काखेपासून काखेपर्यंत एक आडवी ओढ पडते. हात खाली घेतला तरी शर्ट पूर्ण खाली येत नाही, पोटाशी फुगून बसतो. मग तो माणूस दिवसभर दर दहा मिनिटांनी शर्ट खोचत राहतो आणि समजतो की आपलंच अंग बेढब आहे.

अंगाचा काही दोष नसतो. तुम्ही रेग्युलर फिटचा पॅटर्न घेता, कडेच्या शिवणी आत घेता, पाठीला दोन डार्ट, म्हणजे आत दुमडून शिवलेल्या निमुळत्या चुण्या, मारता आणि त्याला स्लिम म्हणता. मुंढा मात्र रेग्युलरचाच, खोल, काखेच्या बराच खाली लोंबणारा. बाही आणि अंग एकमेकांना जिथे जोडलेत ती जागा इतकी खाली असली की हात वर गेला की बाही अख्ख्या शर्टाला घेऊन वर जाते. सैल शर्टात घेर भरपूर असतो, तिथे हे खपून जातं. स्लिममध्ये खपत नाही. मुंढा काखेच्या जवळ, वर असेल तर हात एकटा वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. वर चढलेला मुंढा घट्ट असणार असं गिऱ्हाइकांना वाटतं, तुमच्या सेल्समनलाही तसंच वाटतं. घालून बघितलं की उलटं कळतं: अंगाबरोबरच्या शर्टात हालचालीला जागा मिळते ती लहान मुंढ्यामुळे. तुमच्यातल्या कुणाचं उत्तर मला माहीत आहे: आपल्या हवेत वरचा मुंढा घामाने लगेच भिजतो. खरं आहे. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात काय भिजत नाही? त्यासाठी अर्धा इंच खाली आणा, दोन इंच कशाला?

आणि ही चूक दुरुस्त होत नाही, हे मुद्दाम सांगतो. मुंढा खाली उतरवता येतो, कारण कापड कापता येतं. वर चढवता येत नाही. कापून गेलेलं कापड मी कुठून आणू? खांद्याचंही तेच. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपायला हवी. ती दंडावर उतरली असेल तर मी अख्खी बाही काढून, खांदा कापून, बाही परत बसवू शकतो, पण त्याची मजुरी ऐकून माणूस शर्ट उचलून घरी जातो. ती हाडाच्या अलीकडेच संपली असेल तर माझ्याकडे इलाज नाही.

बाकी कुठे काही होत नाही असं नाही. पाठीत फुगा येत असेल तर दोन डार्ट मारतो, कडेने पाऊण इंच घेतो, बाहीचा घेर कोपराखाली कमी करतो, पँटची मोहरी, म्हणजे घोट्याशी असलेला घेर, आत घेतो. ही कामं दीडशे-दोनशे रुपयांत होतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सांगत असतो: रेडीमेड घेताना खांदा आणि मुंढा बघून घ्या, बाकीचं माझ्यावर सोडा. पण हे दुकानात त्यांना तुमचा माणूस का सांगत नाही? तो सांगतो, "सर, दोन धुण्यांत सैल होईल." सुती कापड धुऊन आटतं की सैल होतं, हे त्या पोराला कुणी तरी शिकवा.

आता हा स्लिम कट कुणाच्या अंगावरून आला ते बघू. 2000 च्या सुमाराला पॅरिसमध्ये एदी स्लिमान नावाच्या डिझायनरने डिऑर या फॅशन कंपनीच्या पुरुषी कपड्यांत अरुंद खांद्यांचे, काडीसारख्या पायांचे सूट आणले. कार्ल लागरफेल्ड हा स्वतः एवढा मोठा डिझायनर, पण त्या सुटांत मावत नव्हता. त्याने वर्षभरात साधारण 42 किलो वजन उतरवलं, कशासाठी, तर ते सूट घालता यावेत म्हणून. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं. पण घोडबंदर रोडहून निघून दीड तास प्रवास करून ऑफिस गाठणाऱ्या, रात्री नऊला जेवणाऱ्या माणसाकडून तुम्ही हीच अपेक्षा धरणार का? कपड्यात माणूस बसवायचा की माणसाला कपडा, हे आमच्या धंद्यात फार पूर्वी ठरलेलं आहे.

तो पॅटर्न जसाच्या तसा इथे का चालत नाही, याचं उत्तर पॅरिसपेक्षा पुण्यात सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा जोडीने काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. त्याचा मधुमेहाशी काय संबंध ते डॉक्टर सांगतील. माझ्या टेपला जे रोज दिसतं ते असं, की आपल्याकडचा बारीक माणूस हातापायांनी बारीक असतो, मध्यभागी नसतो. दंड काटकुळे, खांदे उतरते, पायांच्या काड्या, आणि शर्टाच्या चौथ्या-पाचव्या बटणाशी एक छोटी टेकडी. तो जाडा नाही. वजनकाटा त्याला बारीकच म्हणतो. तुमचा स्लिम फिट मात्र छातीखाली आत जातो, म्हणजे जिथे आपला माणूस बाहेर येतो नेमका तिथेच.

सुटांच्या भाषेत याला ड्रॉप म्हणतात, छाती वजा कंबर. 40 छातीच्या सुटाबरोबर 34 ची पँट म्हणजे ड्रॉप सहा, आणि हा नेहमीचा. स्लिम कटमध्ये सात-आठ असतो. माझ्याकडे चाळिशीतली माणसं येतात त्यांचा ड्रॉप दोन, फार तर तीन. या माणसाने काय करायचं? तो पोटासाठी एक माप वरचं घेतो. आणि इथे तुमच्या ग्रेडिंगची गंमत सुरू होते. एका मॉडेलच्या अंगावर नमुना बसवायचा, तो मॉडेल सहा फुटांच्या आसपास. मग त्या नमुन्यातला प्रत्येक भाग ठरावीक प्रमाणात वाढवत एल, एक्सएल, डबल एक्सएल काढायचे. पोट दोन इंचांनी वाढलं की खांदाही वाढला, गळाही वाढला, बाहीही लांब झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पोट सुटलं म्हणून कुणाचे हात लांब होत नाहीत हो. आपल्या पुरुषांची सरासरी उंची 165 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट पाच इंच. त्याच्या एक्सएल शर्टाचा कफ अंगठ्यापर्यंत येतो आणि पोटावर तरी बटण ओढतंच. तो शर्ट माझ्याकडे येतो. बाही दोन इंच कमी केली, खांदा तसाच पडका राहिला, आणि माणूस म्हणतो, "चालेल मास्टर, वरून जॅकेट घालतो."

आपल्या अंगांची मापं कुणी घेतलीच नाहीत अशी सबब आता देऊ नका. 'निफ्ट' या सरकारी फॅशन संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी भारतीय मापांचा तक्ता करायचं काम हाती घेतलं, 15 ते 65 वयाच्या 25 हजारांहून अधिक माणसांना त्रिमिती स्कॅनरने मोजायचं ठरवून. ते आकडे जेव्हा आणि जसे तुमच्या हाती येतील तेव्हा नुसते सरासरी काढून एम आणि एलवर चिकटवू नका, एवढीच धास्ती आहे. सरासरी माणूस माझ्या दुकानात अजून आलेला नाही.

पँटवर थोडक्यात. आसन, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतची उंची, कमी आणि मांडी अरुंद, यातून सगळे त्रास निघतात. कडेचे खिसे कानांसारखे बाहेर उभे राहिले की समजावं, सीटला पँट कमी पडतेय. जांघेतून मांडीकडे किरणांसारख्या रेषा पसरल्या की आसन कमी पडतंय. तुम्ही यावर लायक्रा मिसळून पडदा टाकता. दोन टक्के लायक्राने ट्रायल रूममध्ये पँट बसते, तीन-चार महिन्यांत गुडघ्याला पिशव्या येतात. आणि तुमच्यापैकी कुणी जुलै महिन्यात ठाण्यात चालून पाहिलंय का? वंदना टॉकीजच्या चौकात घोटाभर पाणी साचलं की लोक पँट वर दुमडतात. तेरा इंची मोहरीची पँट पोटरीवर चढतच नाही. ती भिजते, चिकटते, आणि ऑफिसात एसीखाली अंगावर वाळते. शिवाय आपल्याकडे माणूस जमिनीवर बसतो. सत्यनारायणाला, पंगतीला, लहान पोराशी खेळताना. माझ्याकडे गौरी-गणपतीनंतर ज्या पँटी येतात त्या बहुतेक एकाच जागी उसवलेल्या असतात आणि गिऱ्हाईक ती जागा बोटाने दाखवत नाही, नुसतं "मागे बघा" म्हणतं.

लग्नसराईतल्या ब्लेझरची एकच तक्रार करतो, पण ती मनापासून. महागड्या जॅकेटच्या बाहीवर तुम्ही खरी काजं करून ठेवता, उघडणारी, बटण लावता येणारी. पूर्वी ती फक्त शिवून घेतलेल्या सुटाला असायची, म्हणून तुम्हाला ती ऐटीची वाटतात. पण शिंपी बाही आधी मापाने ठरवायचा, मग काज करायचा. तुम्ही आधी काजं केलीत, आता बाही खालून कमी करायची तर पहिलं काज थेट काठावर येतं. मग बाही खांद्यातून काढून वरून कमी करावी लागते, अस्तरासकट, आणि पट्ट्यांचं किंवा चौकड्याचं कापड असेल तर रेषा जुळवत बसा. पाच फूट पाच इंचांच्या नवरदेवाला सहा फुटी बाही देऊन वर तिला कुलूप घालून ठेवायचं, हा काय न्याय? एक-दोन इंच जागा मोकळी ठेवा, काजाच्या जागी नुसता टाका घाला. काज मी करून देईन, हाताने.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, म्हातारा मास्टर जुन्या दिवसांचे गोडवे गातोय. तसं नाही. ठाण्याला कापडाचं कौतुक नवं नाही. 1925 पासून रेमंडची लोकरीची गिरणी इथेच होती, पोखरण रोडला. 2009 मध्ये ती बंद झाली, आता तिथे टॉवर उभे आहेत. सुटाचं कापड घ्यायचं, शिंप्याकडे टाकायचं, ट्रायल, पुन्हा ट्रायल, हा या शहराचा रिवाजच होता. पण आम्ही शिंप्यांनीही कमी छळलं नाही लोकांना. दिवाळीचे कपडे तुळशीच्या लग्नाला देणारे आमच्यातच होते. "उद्या या" हे वाक्य आम्ही इतकं वापरलं की लोक कंटाळून तुमच्याकडे गेले. रेडीमेडने बाजार जिंकला तो आमच्या आळसावर आणि तुमच्या सोयीवर, त्याचं मला वाईट वाटत नाही.

आणि स्लिम फिटशी माझं वैरही नाही. नीट कापलेला स्लिम शर्ट फार सुंदर दिसतो. मागे एका गिऱ्हाइकाने परदेशातून आणलेलं जॅकेट बाही कमी करायला दिलं होतं. उसवलं, तर आत बाहीच्या टोकाला दोन बोटं माया, पाठीच्या शिवणीत इंचभर, अस्तराला हालचालीपुरती चुणी, छातीला चिकटवलेल्या फ्युजिंगऐवजी हाताने टाचलेला कॅनव्हास. कट इतका अंगाबरोबर की बाहेरून वाटावं आत काही जागाच नाही. ज्याने ते कापलं त्याला माहीत होतं की हे कुठल्या तरी अनोळखी मास्टरच्या टेबलावर कधी तरी जाणार आहे, आणि त्याने माझ्यासाठी सोय ठेवली होती. गिऱ्हाइकाकडून त्या दिवशी मजुरी घेतली, पण घासाघीस केली नाही.

आता जे ट्रेंड बघतात ते म्हणतात स्लिम गेलं, पोरं ढगळ घालतात. कॉलेजची पोरं घालत असतीलही. माझ्याकडे ऑफिसची, इंटरव्ह्यूची आणि लग्नाची गिऱ्हाइकं येतात, त्यांना अजून स्लिमच हवंय. तेव्हा मागण्या सांगून टाकतो. टॅगवर तयार कपड्याची मापं छापा, छाती, पोट, खांदा, बाही. पँटला कंबर, मांडी, आसन, मोहरी. आणि ती कपड्याची आहेत असं स्पष्ट लिहा. दोन ओळी जास्त लागतील. मागच्या शिवणीत इंचभर माया ठेवा, त्याचे पन्नास-साठ रुपये जास्त लावा, गिऱ्हाईक देईल. अडीच हजारांवरच्या कपड्याला 18 टक्के जीएसटी भरणारा माणूस पन्नास रुपयांसाठी रडत नाही. एकाच खांद्याला दोन पोटं द्या, म्हणजे 40 छातीत एक ड्रॉप सहाचा आणि एक ड्रॉप तीनचा. दुसऱ्याला 'कम्फर्ट' किंवा 'रिलॅक्स्ड' असलं काही नाव देऊ नका, माणूस ओशाळतो आणि पहिलाच उचलतो. नुसता आकडा द्या. आणि नमुना पास करण्याआधी तुमच्या त्या सहा फुटी मॉडेलला हात वर करायला सांगा. खाली बसायला सांगा.

माझी एक विनंतीही आहे. तुमच्यापैकी कुणी पॅटर्न मास्टर दिवाळीआधीच्या आठवड्यात एक संध्याकाळ माझ्या दुकानात येऊन बसावा. बोलू नये, नुसतं बघावं काय काय येतं आणि का येतं. चहा माझ्याकडून, वडापाव हवा असेल तर गजाननचा मागवू. दुकान सोमवारी बंद असतं, बाकी कधीही या. फक्त येताना आपल्याच कंपनीचा स्लिम फिट शर्ट-पँट घालून या आणि गाडी घेऊन येऊ नका. दादरहून संध्याकाळी साडेसहाची कुठलीही फास्ट लोकल पकडा, ठाण्याला उतरा, आणि पुलावरून चालत या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आल्टरेशनवाला
नौपाडा, ठाणे